खोडवा भात : एका लावणीतून दोन कापण्या

भात कापल्यावर खाचरात राहिलेली धसकटे लगेच मरत नाहीत. त्यांची मुळे आणि बुडखे काही काळ जिवंत असतात. जमिनीत ओल आणि हवेत ऊब असेल तर आठवडाभरात त्यांच्या पेरांवरून हिरवे फुटवे निघतात, ते वाढून निसवतात आणि त्यांच्या लोंब्यांत दाणे भरतात. नवे बी न पेरता, राब न भाजता, चिखलणी-लावणी न करता जुन्याच चुडांपासून घेतलेले हे दुसरे पीक म्हणजे खोडवा भात. महाराष्ट्रात खोडवा म्हटले की ऊसच आठवतो, कारण उसाच्या शेतीचे सारे गणित लागण आणि खोडवा यांवर चालते. भातात हीच रीत चीन, जपान, दक्षिण भारत, सुमात्रा आणि अमेरिकेचा दक्षिण किनारा अशा दूरदूरच्या प्रदेशांत वेगवेगळ्या काळी रुजली, मागे पडली आणि पुन्हा वर आली. हंगामात पहिल्या पिकानंतर किती दिवस उरतात, लावणीला किती हात मिळतात आणि कापलेल्या ताटात किती जीव शिल्लक असतो, या तीन गोष्टींनी तिचा इतिहास घडवला आहे.

फुटव्याचे बळ

लागवडीखालील भात आपण वर्षायू पीक म्हणून घेतो. पण ज्या रानभातापासून ते आले, त्या ओरायझा रुफिपोगोनची पाणथळीत राहणारी अनेक झाडे बहुवर्षायू असतात. कापल्यावर पुन्हा फुटण्याचा गुण भाताने त्या पूर्वजाकडूनच घेतला आहे. भाताच्या ताटाच्या प्रत्येक पेराशी एक डोळा असतो. शेंड्याला लोंबी वाढत असते तोवर हे डोळे दबून राहतात. लोंबी कापली गेली की दाब सुटतो आणि डोळे फुटतात. त्यांचे पहिले पोषण धसकटात साठलेल्या पिष्टावर आणि जिवंत मुळांवर होते. त्यामुळे पहिले पीक पूर्ण वाळेपर्यंत शेतात ठेवले की खोडव्याची शिदोरी संपते. दाणा पक्का झाला असून ताट अजून हिरवे आहे, ही कापणीची सर्वांत चांगली वेळ.

मुख्य पिकाला 120 ते 140 दिवस लागत असतील तर खोडवा साधारण 60 ते 70 दिवसांत तयार होतो, कारण उगवण, रोप आणि मूळ धरणे या साऱ्या पायऱ्या त्याने आधीच ओलांडलेल्या असतात. या घाईची किंमतही असते. फुटव्याला पाने थोडी येतात, लोंबी आखूड राहते आणि दाण्यांची संख्या घटते. म्हणून खोडव्याचे उत्पन्न बहुधा पहिल्या पिकाच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत असते. उत्तम जात आणि नीट निगा असेल तर ते निम्म्याच्याही पुढे जाते.

कापणीची उंची हा या शेतीतला सर्वांत नाजूक निर्णय आहे. जमिनीपासून चाळीसेक सेंटिमीटर वर कापले तर वरच्या पेरांचे डोळे फुटतात. हे डोळे कापणीआधीच लोंबी धरण्याच्या तयारीला लागलेले असतात, त्यामुळे पीक लवकर हाती येते. अगदी बुडाशी कापले तर खालचे डोळे फुटतात, फुटव्यांना स्वतःची नवी मुळे येतात, पीक एकसारखे वाढते. पण त्याला दिवस जास्त लागतात. ज्या प्रदेशात थंडी लवकर येते तिथे उंच कापणी आणि जिथे बारमाही ऊब आहे तिथे बुडाशी कापणी, असा साधारण हिशेब बसला. फुलोऱ्याच्या वेळी पारा घसरला तर परागधारणा बिघडते आणि लोंब्या पोचट राहतात. खोडव्याला सर्वांत मोठा धोका असतो तो या थंडीचा.

चीनमधील जुन्या नोंदी

खोडवा भाताचे सर्वांत जुने स्पष्ट वर्णन चिनी ग्रंथांत सापडते. पश्चिम जिन राजवटीच्या काळातील, म्हणजे सुमारे सतराशे वर्षांपूर्वीच्या, ग्वो यिगोंगच्या 'ग्वांगझी' या ग्रंथात भाताच्या एका जातीची माहिती होती. ती पहिल्या महिन्यात पेरत, पाचव्यात कापत, आणि मग तिच्या ताटांना व मुळांना फूट येऊन नवव्या महिन्यात पुन्हा भात पिकत असे. मूळ ग्रंथ पुढे नाहीसा झाला. ही माहिती उरली ती सहाव्या शतकात ज्या सिशिएने लिहिलेल्या 'चिमिन याओशू' या शेतीविषयक ग्रंथात तिचा उतारा घेतलेला असल्यामुळे. नोंद छोटी आहे, पण शेतकऱ्यांना दुसऱ्या कापणीसाठी उपयोगी पडणारी जात वेगळी ओळखता येत होती, एवढे तिच्यातून नक्की कळते.

सोंग राजवटीच्या काळात कापलेल्या भाताला पुन्हा दाणे आल्याच्या बातम्या प्रांतोप्रांतीचे अधिकारी दरबारात शुभचिन्ह म्हणून कळवत. शुभचिन्ह मानले जात होते, याचा अर्थ उत्तरेकडच्या भागांत तरी ही गोष्ट दर वर्षी घडणारी नव्हती. दक्षिणेला, यांगत्सेच्या मुखाजवळच्या सूझौ परिसरात, ती अधिक ओळखीची होती. फान चंगदा याने बाराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेल्या तिथल्या स्थानिक इतिहासात चांगल्या वर्षी कापणीनंतर मुळे पुन्हा फुटतात, रोप झपाट्याने वाढते आणि त्याचे दाणे वेचून घेता येतात, असे सांगून त्या भाताचे स्थानिक नावही दिले आहे. त्या वर्णनातला खोडवा हे वरकड धान्य आहे. पाऊस आणि ऊब अनुकूल असेल त्या वर्षी मिळणारे, हातात आले तर घ्यायचे.

त्याच काळात दुसऱ्या पिकाचा एक वेगळा मार्ग खुला होत होता. 1012 मध्ये दुष्काळाने गांजलेल्या भागांसाठी सम्राट झनझोंगने फूज्यान प्रांतातून चंपा भाताचे बियाणे मागवले आणि ते यांगत्सेच्या खालच्या खोऱ्यात वाटले. हे भात मूळचे आजच्या व्हिएतनाममधील चंपा राज्याचे. ते हळवे होते आणि कोरडेपणा सोसणारे होते. पुढच्या शतकांत अशा हळव्या जातींच्या जोरावर एकाच शेतात वर्षाला दोन स्वतंत्र लावण्या करणे शक्य झाले. खोडव्यापेक्षा दुसऱ्या लावणीचे उत्पन्न जास्त होते. तिला मजूर भरपूर लागत, पण दाट वस्तीच्या त्या प्रदेशात माणसांची वाण नव्हती. जिथे हात मुबलक आणि जमीन थोडी होती, तिथे खोडवा मागे पडला.

जपानमध्ये कापणीनंतर फुटलेली हिरवी खाचरे इतकी सर्वत्र दिसतात की हायकूच्या परंपरेत ती शरद ऋतूची खूण ठरली आहेत. पण तिथले कापणीचे दिवस आणि येणारी थंडी यांत फार अंतर नसल्याने या फुटव्यांच्या लोंब्या बहुधा भरतच नसत. 

केरळ आणि तंजावरची मिश्र पेरणी

दक्षिण भारतात धसकटातून दुसरे पीक काढण्याची एक फार कल्पक रीत घडली. केरळात तिला कूट्टुमुंडकन म्हणतात. तिथे पहिल्या पावसाळी हंगामाला विरुप्पू आणि त्यानंतरच्या हंगामाला मुंडकन ही नावे आहेत. शेतकरी विरुप्पूची हळवी जात आणि मुंडकनची गरवी जात यांचे बी एकत्र करून एप्रिल-मेमध्ये पेरत. दोन्ही जाती शेजारी शेजारी वाढत. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हळवी जात पिकली की सगळे शेत कापले जाई. गरव्या जातीची ताटेही त्या कापणीत कापली जात, पण ती अजून निसवलेली नसत, कारण ती दिवस लहान झाल्याखेरीज फुलोऱ्यावर येत नाही. तिचे बुडखे पुन्हा फुटत आणि डिसेंबर-जानेवारीत त्यांची स्वतंत्र कापणी होई.

पहिल्या कापणीनंतर खाचरांत पाणी तुंबलेले असते. अशा पाण्यात नवी रोपे लावणे अवघड, आणि ती टिकणे त्याहून अवघड. आधीपासून मूळ धरून बसलेले बुडखे मात्र त्या पाण्यातून सहज वर येतात. दुसऱ्या हंगामाची नांगरट, चिखलणी, रोपवाटिका आणि लावणी हा सगळा खर्च एका मिश्र पेरणीत वाचतो. कावेरीच्या मुखप्रदेशात, तंजावरच्या भागात, याच तत्त्वावर चालणाऱ्या पद्धतीला उडु म्हणत. तिथे कुरुवै हंगामाची हळवी जात आणि ओट्टडन नावाची गरवी सांबा जात यांचे मिश्रण करून लावणी होई, आणि एका लावणीतून दोन हंगामांची कापणी मिळे. या पद्धतीतील पहिली आणि दुसरी कापणी वेगवेगळ्या जातींची असते, त्यामुळे काटेकोर अर्थाने तिला खोडवा म्हणता येत नाही. पण कापलेल्या बुडख्याच्या पुन्हा फुटण्यावर इतक्या जाणतेपणाने आखलेली दुसरी भातशेती क्वचितच आढळते. सरकारी संशोधन केंद्रांत या विषयाचा विचार सुरू होण्याच्या कितीतरी आधी शेतकऱ्यांनी ती बसवली होती.

टेक्सास आणि लुइझियाना

खोडवा भाताला यंत्राच्या शेतीत स्थान मिळाले ते अमेरिकेत, मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर. टेक्सासच्या किनारपट्टीवर वाढीचा काळ लांब आहे. मार्चमध्ये पेरणी होऊ शकते आणि थंडी नोव्हेंबरपर्यंत थांबते. पण जुन्या जाती इतका वेळ घेत की पहिल्या कापणीनंतर काही उरत नसे. बोमाँट येथील संशोधन केंद्रात हळव्या जातींच्या पैदाशीबरोबर खोडव्याच्या चाचण्या झाल्या आणि 1960 मध्ये एन. एस. एव्हॅट आणि हेन्री बीचेल यांनी त्यांचे निष्कर्ष मांडले. 1961 मध्ये बेल पॅटना ही अतिशय हळवी, लांब दाण्याची जात बाहेर आली आणि दुसरी कापणी व्यापारी शेतीचा भाग बनली. ऑगस्टच्या मध्यापर्यंत पहिली कापणी उरकली, लगेच नत्र दिले आणि पाणी भरले, की शरदात दुसरी कापणी मिळते, असा तिथला क्रम बसला. पुढच्या लाबेल, लेमाँट यांसारख्या जातींनी तो टिकवला. बियाण्याचा, मशागतीचा आणि पेरणीचा खर्च पहिल्या पिकानेच उचललेला असल्याने खोडव्याचे थोडे उत्पन्नही शेतकऱ्याला परवडते.

लुइझियानाच्या नैर्ऋत्य भागात या धसकटांना आणखी एक काम मिळाले. तिथे भाताच्या शेतात क्रॉफिश हे गोड्या पाण्यातले, कोळंबीच्या जातकुळीतले जीव पाळतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते उभ्या भातात सोडले जातात आणि जमिनीत बिळे करून राहतात. भात कापल्यावर शरदात शेत पुन्हा पाण्याने भरले जाते. तोवर फुटलेला खोडवा हळूहळू कुजत पाण्यातील सूक्ष्म जीव आणि किडे पोसतो आणि त्यांवर क्रॉफिश वाढतात. त्यांची धरणी हिवाळ्यापासून वसंताच्या अखेरपर्यंत चालते. तिथे कापलेल्या भाताचा दुसरा भर धान्याऐवजी चाऱ्याच्या रूपाने कमाई देतो.

हरितक्रांतीची सावली

हेन्री बीचेल 1963 मध्ये फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत गेले. 1966 मध्ये प्रसारित झालेल्या आयआर 8 या प्रसिद्ध ठेंगण्या जातीच्या निवडीत त्यांचा मोठा वाटा होता. टेक्सासमध्ये खोडव्याचा पाया घालणाऱ्यांपैकी एका संशोधकाच्या हातून आशियात जी जात आली, तिने मात्र खोडव्याची गरज कमी केली. आयआर 8 आणि तिच्यानंतर आलेल्या अधिक हळव्या जाती दिवसाच्या लांबीवर अवलंबून नव्हत्या, कोणत्याही हंगामात लावता येत. कालव्याचे पाणी आणि रासायनिक खत यांच्या जोडीने वर्षाला दोन, कुठे तीन स्वतंत्र लावण्या होऊ लागल्या. निम्म्या उत्पन्नाचा खोडवा अशा काळात कुणालाच नको होता.

रोग-किडींचाही मुद्दा होता. उभी राहिलेली हिरवी धसकटे म्हणजे तुंग्रो विषाणूला आणि खोडकिड्याला पुढच्या हंगामापर्यंत मिळालेला आसरा. एका शिवारात सगळ्यांनी एकदम लावणी करावी आणि मध्ये शेत रिकामे ठेवावे, हा सल्ला त्यातूनच आला. महाराष्ट्रात कापसाच्या फरदडीला कृषी खात्याचा विरोध आहे तो शेंदरी बोंडअळीमुळे, याच कारणाने.

तरीही पाणी कमी, हंगाम आखूड किंवा मजूर महाग असलेल्या भागांसाठी काही शास्त्रज्ञ खोडव्याचा पाठपुरावा करत राहिले. भारतात हे काम पुढे नेण्यात बंगळूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठातील भातपैदासकार एम. महादेवप्पा यांचे नाव घ्यावे लागते. एप्रिल 1986 मध्ये बंगळूरला खोडवा भातावर आंतरराष्ट्रीय कार्यशाळा झाली. तिच्यातील निबंधांचा संग्रह 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. जाती, कापणीची उंची, नत्र, पाणी आणि कीड या सर्व अंगांचा एकत्र विचार करणारा तो पहिला मोठा दस्तऐवज आहे.

चीनमधील पुनरागमन

चीनमध्ये आधुनिक संशोधनाची सुरुवात यांग कायचू यांनी 1930च्या दशकात केली. पुढे सिचुआनमध्ये त्यांनी भाताच्या सुप्त डोळ्यांचा अभ्यास चालू ठेवला. पण त्या अभ्यासाला साजेशी जात मिळायला चार दशके जावी लागली. 1970च्या दशकात युआन लोंगपिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून संकरित भात आले. त्याचे ताट जाड आणि मूळ जोमदार, त्यामुळे कापणीनंतरची फूटही चांगली. श्ये हुआआन यांनी फूज्यानमध्ये पैदास केलेली शान्यू 63 ही जात देशभर पसरली आणि खोडव्यालाही उत्तम ठरली. सिचुआनमध्ये एका पिकापुरता हंगाम सहज मिळतो, दोन लावण्यांना मात्र तो अपुरा पडतो. मधला उरलेला काळ भरून काढायला 1980 आणि 1990च्या दशकांत तिथे खोडव्याचा मोठा प्रसार झाला.

त्यानंतरची लाट मजुरांच्या टंचाईतून आली. गावांतील तरुण कारखान्यांकडे गेले, तेव्हा मध्य चीनमधील शेतकऱ्यांनी दोन लावण्यांची शेती सोडून एकाच पिकावर समाधान मानले. धान्याची घट भरून काढण्यासाठी हूबेई, हूनान आणि फूज्यान या प्रांतांत खोडव्याकडे पुन्हा लक्ष गेले. हूबेईमधील वेळापत्रक असे असते. मार्चमध्ये पेरणी आणि ऑगस्टच्या मध्याला पहिली कापणी, तीही उंच धसकट ठेवून. मग खोडवा सप्टेंबरमध्ये निसवतो आणि ऑक्टोबरच्या अखेरीस दुसरी कापणी होते. नत्राचे दोन हप्ते देतात. पहिला कापणीपूर्वी आठ-दहा दिवस, डोळे सशक्त व्हावेत म्हणून. दुसरा कापणीनंतर दोन-तीन दिवसांत, फुटव्यांच्या वाढीसाठी. शेतातले पाणी कापणीआधी इतकेच उतरवतात की यंत्र रुतू नये, पण मुळे सुकू नयेत.

यंत्र ही इथली खरी अडचण ठरली. कापणीयंत्राच्या पट्ट्यांखाली शेताचा मोठा भाग चिरडला जातो. त्या ओळींतली धसकटे उशिरा आणि विरळ फुटतात, त्यामुळे शेजारच्या ओळी पिकल्या तरी या हिरव्याच राहतात. म्हणून अरुंद पट्ट्यांची आणि कमी फेऱ्यांत काम उरकणारी यंत्रे बनवण्यावर भर देण्यात आला. ग्राहकांनी मात्र खोडव्याला चांगला भाव दिला. थंडावत्या हवेत भरलेला हा तांदूळ दिसायला अधिक पारदर्शक असतो, चवीला चांगला मानला जातो आणि त्याला फवारण्याही कमी लागतात.

कोकणात खोडवा का रुजला नाही

कोकणात भात हेच मुख्य पीक आणि कर्जतसारखे जुने भात संशोधन केंद्रही तिथेच, तरी खोडव्याची परंपरा तिथे नाही. याची कारणे निसर्गात आणि गावाच्या रिवाजात आहेत. पाऊस ऑक्टोबरमध्ये थांबतो. निमगरव्या आणि गरव्या जाती कापून होईतो खाचरांतील पाणी आटलेले असते आणि थोड्याच दिवसांत जमिनीला भेगा पडू लागतात. धसकटांना जो हिरवा कोंब येतो तो गुरांच्या वाट्याला जातो, कारण कापणीनंतर गुरे मोकळी सोडण्याची चाल आहे. अंगच्या ओलीवर वाल, पावटा, चवळी, कुळीथ घेण्याची रीत कोकणाने बसवली, आणि जमिनीलाही ती कडधान्ये मानवतात. जिथे पाण्याची सोय आहे तिथे वायंगणी किंवा उन्हाळी भाताची स्वतंत्र लावणी होते. गोव्यातही वायंगणाची शेती अशीच उभी राहिली.

खोडकिड्याच्या बंदोबस्तासाठी कोकणातील शिफारस तर खोडव्याच्या नेमकी उलट आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या वैभव विळ्याने भात जमिनीलगत कापावे, म्हणजे ताटात दडलेल्या अळ्या पेंढ्याबरोबर शेताबाहेर जातात, आणि लगेच नांगरट करून उरलेली धसकटे उपटून काढावीत, असे शेतकऱ्यांना सांगितले जाते. ज्या बुडख्यातून चीनचा शेतकरी दुसरे पीक काढतो, त्याच बुडख्यात कोकणात पुढच्या वर्षीची कीड दडलेली असते.

सालिबू आणि बहुवर्षायू भात

पश्चिम सुमात्रामध्ये सालिबू नावाच्या पद्धतीने खोडव्याला वेगळी दिशा दिली आहे. तिथे कापणीनंतर साधारण आठवड्याने धसकटे पुन्हा कापतात, जमिनीपासून अवघी तीन ते पाच सेंटिमीटर उंची ठेवून. मग जमिनीलगतचे डोळे फुटतात आणि त्यांना नवी मुळे येतात. चुडी जिथे मेल्या असतील तिथे शेजारची जोमदार चूड फोडून लावतात. बारमाही ऊब आणि पाणी असल्याने दिवस वाढले तरी चालतात, आणि उत्पन्न पहिल्या पिकाच्या जवळपास पोहोचू शकते. एका लावणीवर लागोपाठ अनेक कापण्या घेता येतात. जपानमध्येही वाढत्या तापमानामुळे हंगाम लांबू लागल्यावर क्यूशू बेटावर खोडव्याचे प्रयोग सुरू झाले असून, पूर्वी पोचट राहणाऱ्या लोंब्या आता भरू लागल्या आहेत.

या इतिहासातील सर्वांत नवा टप्पा युन्नानमधला आहे. आफ्रिकेतील ओरायझा लाँजिस्टामिनाटा हा रानभात जमिनीखाली आडवी खोडे पसरून वर्षानुवर्षे जगतो. त्याचा आरडी 23 या थायलंडमधील लागवडीच्या जातीशी संकर करून, दीर्घ निवडीनंतर, युन्नान विद्यापीठात हू फंगयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीआर 23 ही बहुवर्षायू जात तयार केली. ती 2018 मध्ये शेतकऱ्यांसाठी प्रसारित झाली. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एका लावणीतून 4 वर्षांत 8 कापण्या मिळाल्या आणि सरासरी उत्पन्न हेक्टरी 6.8 टन होते, म्हणजे दर हंगामात नव्याने लावलेल्या भाताइतके. पुन्हा फुटीच्या प्रत्येक हंगामात मजुरी निम्म्याहून अधिक वाचली. चार वर्षांनंतर उत्पन्न घसरू लागते आणि नवी लावणी करावी लागते. कडक दहिवर पडते तिथे ही जात तग धरत नाही.

खोडव्याचे उत्पन्न नेहमी थोडे कमी राहणार, हे गृहीत या जातीने मोडले आहे. पण तिच्याही शेतात तण, उंदीर आणि साठत जाणारी कीड यांचा बंदोबस्त नांगरटीविना करावा लागतो, आणि तिलाही मुळांशी सतत ओल हवी असते. चीन, केरळ, टेक्सास आणि सुमात्रा या प्रत्येक ठिकाणी खोडवा यशस्वी झाला तो स्थानिक जात, पाणी आणि कापणीचा दिवस यांचा मेळ शेतकऱ्यांनी बसवला म्हणून. लावणीला माणसे मिळेनाशी झालेल्या भातपट्ट्यांना या रीतीचा विचार करावा लागेल. तो करताना शेत ओले कसे ठेवायचे, गुरे किती दिवस बांधायची आणि खोडकिड्याला कसे रोखायचे, हे तीन प्रश्न प्रत्येक शिवाराने आधी स्वतः सोडवायला हवेत.